ग्रंथालयाचा नकाशा

ग्रंथालयांत पाऊल टाकल्यावर “चरित्रें कोठें आहेत?” हा प्रश्न आपणांपैकीं बहुतेकांनीं केव्हांतरी विचारला असेल. ग्रंथपाल हातानें दिशा दाखवितात, आपण दोन कपाटें ओलांडतों, आणि तोच प्रश्न दुसऱ्या कोणास विचारतों. भिडस्त वाचक तेवढेंही करीत नाहीं; तो रित्या हातानें परततो. डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांतील चौथें वाचकाच्या वेळाविषयींच आहे. दाराशीं लाविलेला चांगला नकाशा हें तें सूत्र पाळण्याचें सोपें साधन होय.

परंतु नकाशा शिळा होतो. एका ग्रंथालयांत मीं भिंतीवर सुबक नकाशा पाहिला. त्यांत जेथें बालविभाग होता, तेथें प्रत्यक्षांत वर्तमानपत्रांचें टेबल होतें. नकाशा बाहेरून काढवून घेतलेला, मूळ रेखाटन काढणाऱ्याजवळच राहिलेलें. कपाटें हललीं, नकाशा हलला नाहीं! असा नकाशा नसलेलाच बरा. कारण त्यावर विश्वासणारा वाचक चूक आपलीच समजतो.

म्हणून नकाशा ग्रंथालयाच्याच हातीं असावा. त्यासाठीं खर्च नको. संगणकावर रेखाटन करण्याचीं इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ हीं साधनें विनामूल्य मिळतात. इंकस्केपचें काम २००३ सालीं सुरू झालें. त्यांत चित्र ठिपक्यांनीं नव्हे, तर रेषांच्या मापांनीं सांठविलें जातें. म्हणून तेंच चित्र चिठ्ठीएवढें छापा वा भिंतीएवढें, रेषा फांकत नाहींत. शिवाय त्याचें ‘एसव्हीजी’ हें रूप सर्वांस खुलें आहे. आज एकानें काढलेलें उद्यां दुसरा दुरुस्त करूं शकतो.

कामास आरंभ मात्र संगणकावर नव्हे, तर मोजपट्टीनें करावा. समजा, दालन २० मीटर लांब व १२ मीटर रुंद आहे. पन्नासास एक हें प्रमाण धरल्यास तें ४० व २४ सेंटिमीटर होतें, आणि ए-३ कागदावर बसतें. ९० सेंटिमीटरांचें कपाट तेथें १८ मिलिमीटर भरेल. भिंती, कपाटें आणि अक्षरें निरनिराळ्या थरांवर काढावींत. भिंतींच्या थरास कुलूप घालावें, म्हणजे कपाट सरकवितांना भिंत सरकत नाहीं.

दोन गोष्टी विसरूं नयेत. केवळ रंगावर विसंबूं नये. कित्येकांस तांबडा-हिरवा भेद कळत नाहीं, म्हणून प्रत्येक विभागास क्रमांकही द्यावा. आणि वाचक ज्या दिशेस तोंड करून उभा राहील, ती दिशा नकाशाच्या वरच्या अंगास असावी. नाहींतर डावें तें उजवें होतें.

शेवटीं कोपऱ्यांत तारीख घालावी. कपाट हललें कीं नकाशा त्याच दिवशीं बदलावा. ज्या वाचकास विचारण्याचा संकोच वाटतो, त्याच्याशीं ग्रंथालय या एका कागदानेंच बोलत असतें. तें बोलणें खरें असलें पाहिजे.