मिठाची खिडकी

द्रावणाचा रंग मोजायचा तर काचेची क्युव्हेट चालते. अतिनील किरणांसाठी क्वार्ट्‌झची लागते. अवरक्त किरणांपुढे मात्र दोन्ही निकामी. साधी काच सुमारे ४ मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे तरंगसंख्येच्या भाषेत २५०० प्रति सेंटीमीटरच्या खाली, जवळजवळ सगळे किरण गिळून टाकते. कार्बोनिलचा १७०० च्या आसपासचा ठसठशीत पट्टा, एस्टर-ईथरच्या खुणा, बेंझीनच्या कड्यावर कुठे काय जोडलंय हे सांगणाऱ्या रेषा, हे सगळं नेमकं त्या खालच्या भागात. म्हणून द्रावणाचा ‘आयआर’ घ्यायचा तर ते दोन चकत्यांच्या फटीत भरतात, आणि त्या चकत्या कशाच्या असाव्यात हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. याचं सर्वांत जुनं आणि अजूनही मोडीत न निघालेलं उत्तर म्हणजे मीठ.

खनिज मिठातून उष्णतेचे अदृश्य किरण जवळपास बिनअडथळा जातात, हे इटलीच्या मॅसेडोनिओ मेलोनी यांनी १८३० च्या दशकात दाखवलं. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ यांनी शंभरावर संयुगांचे अवरक्त वर्णपट एकेक बिंदू मोजून काढले, तेही मिठाचाच लोलक वापरून. पुढे वितळलेल्या क्षारातून मोठे निर्दोष स्फटिक वाढवता येऊ लागले आणि खाणीतल्या स्वच्छ खड्यावर अवलंबून राहण्याची गरज संपली. १९४२ मध्ये बेकमन कंपनीचं यंत्र अमेरिकेच्या युद्धकाळातल्या कृत्रिम रबराच्या कार्यक्रमासाठी तयार झालं, तेव्हा अवरक्त मापन कारखान्यात पोचलं आणि त्याबरोबर मिठाच्या चकत्याही.

मीठच का? सोडियम आणि क्लोराइडचे आयन एकमेकांना धरून डोलत असतात आणि त्या डोलण्याची स्वतःची वारंवारता असते. बाहेरून आलेला किरण तिच्या जवळपासचा असेल तर स्फटिक तो शोषून घेतो. आयन जितके जड आणि त्यांची पकड जितकी सैल, तितकी ही वारंवारता खाली सरकते आणि वरचा तेवढा प्रदेश मोकळा होतो. लिथियम फ्लोराइड हलकं आणि घट्ट, त्याचं दार १६००-१७०० च्या सुमारासच बंद होतं. मीठ ६५० पर्यंत साथ देतं, पोटॅशियम ब्रोमाइड ४०० पर्यंत, सीझियम आयोडाइड २०० पर्यंत. पण ज्या सैलपणामुळे स्फटिक पारदर्शक होतो, त्याच सैलपणामुळे तो मऊही होतो आणि पाण्यात चटकन विरघळतोही. हा सौदा टाळता येत नाही. पुरवठादारांच्या याद्यांत पारदर्शकतेचे आकडे ठळक छापलेले असतात, विद्राव्यता शेवटच्या रकान्यात. माझ्या मते यादी उलट्या टोकाकडून वाचावी.

१०० मिलीलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, पोटॅशियम ब्रोमाइड ६५ ग्रॅमच्या घरात. म्हणजे द्रावक कोरडा हवा. नुसत्या बोटाच्या घामानेही चकतीवर ठसा उठतो. म्हणून ती कडेने धरायची, हातमोजे घालून. हवाही शत्रूच. २५ अंश तापमानाला सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होऊ लागतं, आणि जुलैत मुंबईची सरासरी आर्द्रता ८० च्या वर असते. कोकणपट्टीतल्या प्रयोगशाळेत आयआरच्या खोलीला अखंड वातानुकूलन आणि डेसिकेटरमधल्या सिलिका जेलच्या रंगावर नजर लागते, ती हौस म्हणून नव्हे. एवढं करूनही चकती धुकट होतेच. मग कापडावर बारीक पॉलिशची पूड आणि अल्कोहोल घेऊन ती घासायची, कोरड्या कापडावर शेवटचा हात फिरवायचा. ब्लेडने सरळ फोडता येणारा, घासून पुन्हा चकचकीत करता येणारा आणि खराब झाल्यावर बिनधास्त टाकून देता येणारा प्रकाशीय पदार्थ दुसरा मिळणं कठीण.

जुनी पद्धत या मर्यादेभोवतीच घडलेली होती. ४००० ते १३५० पर्यंत कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये मापन, त्याखाली कार्बन डायसल्फाइडमध्ये, कारण एकाच्या शोषणाची जागा दुसऱ्याला मोकळी. फट ०.१ मिलिमीटरची आणि चकत्या मिठाच्या. दोन्ही द्रावक कोरडे, दोन्ही मिठाला न शिवणारे. माणसाला मात्र शिवणारे: पहिला यकृताला घातक आणि ओझोनचा वैरी, म्हणून आज जवळजवळ हद्दपार, दुसरा दुर्गंधी आणि क्षणात पेट घेणारा.

पाण्याच्या द्रावणासाठी पहिली पसंती कॅल्शियम फ्लोराइडची. कडक आणि पाण्यात नगण्य विरघळणारं, पण ११०० च्या आसपास दार बंद. बेरियम फ्लोराइड ८०० पर्यंत उतरतं, मात्र विद्राव्यता शंभरपट जास्त आणि स्वभाव जरा हळवा. फॉस्फेट बफर त्याचा पृष्ठभाग खातो, सल्फेट असेल तर बेरियम सल्फेटचा पांढरा साका. कॅल्शियम फ्लोराइडही अमोनियम क्षार आणि आम्लांपुढे टिकत नाही. द्रावणात विरघळवलेल्या पदार्थाइतकीच त्यातल्या बफरचीही चौकशी करावी लागते ती यासाठी.

झिंक सेलेनाइड पिवळं, पाण्याला दाद न देणारं, ५०० च्या आसपासपर्यंत पोचणारं. बरेच जण ‘एकदाच चांगलं घेऊ’ म्हणून हेच मागवतात. त्यांना मी दोन गोष्टी विचारतो. द्रावण तीव्र आम्लधर्मी आहे का? असेल तर चकती झिजते आणि विषारी हायड्रोजन सेलेनाइड सुटतो; ईडीटीए आणि अमोनियाही त्याला मानवत नाहीत. दुसरी गोष्ट अपवर्तनांकाची. मिठाचा अपवर्तनांक साधारण १.५, झिंक सेलेनाइडचा २.४. हवेतून आत शिरताना मिठाच्या एका पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, झिंक सेलेनाइडच्या १७ टक्के, जर्मेनियमच्या ३६.

नुसता प्रकाश कमी पडत असता तर मोजमापाचा वेळ वाढवून भागलं असतं. खरी अडचण निराळी आहे. दोन समांतर पृष्ठभागांतून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि वर्णपटावर लाटा उमटतात. मिठाच्या रिकाम्या सेलमध्ये (दोन चकत्या आणि त्यांच्यामधली फट) या लाटा कामाच्या असतात: १००० ते २००० च्या दरम्यान २० लाटा मोजल्या, तर २० ला २००० ने (तरंगसंख्येतल्या फरकाच्या दुपटीने) भागायचं, फटीची जाडी ०.०१ सेंटीमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर मिळते. स्क्रू-गेजने इतक्या सहज हे जमत नाही. द्रावण भरलं की मीठ आणि द्रावक यांचे अपवर्तनांक जवळजवळ असल्याने लाटा विरून जातात. झिंक सेलेनाइडमध्ये द्रावण भरूनही त्या तशाच राहतात आणि बारीक पट्ट्यांवर स्वार होतात. संहती मोजण्यासाठी वर्णपट घेणाऱ्याला हा गुण परवडत नाही. ‘केआरएस-५’ हा जर्मनीत घडलेला थॅलियमचा लालसर स्फटिक २५० पर्यंत पारदर्शक आहे. पण अपवर्तनांक २.४ च्या घरात, दाबाने वाकणारा आणि थॅलियममुळे विषारी. घासून पॉलिश करण्याचा तर विचारही नको. सिल्व्हर क्लोराइड अंधारात ठेवावं लागतं. उजेडात काळवंडतं आणि धातूची चौकट गंजवतं.

मग निवडायचं कसं? किती रुंद पट्टा दिसतो हे विचारण्याआधी कोणता भाग बघायचाय ते ठरवावं. धातूंच्या कार्बोनिल संयुगांवर काम करणाऱ्याला २२०० ते १८०० एवढीच जागा हवी असते; त्याला ४०० पर्यंतच्या पारदर्शकतेचं काय करायचंय? कॅल्शियम फ्लोराइड पुरतं, वर्षानुवर्षं टिकतं. प्रथिनांच्या बाबतीत अमाइडचा मुख्य पट्टा १६५० च्या आसपास असतो आणि पाण्याचा स्वतःचा वाकण्याचा पट्टाही तिथेच, १६४० ला. म्हणून फट १० मायक्रॉनच्या आत ठेवावी लागते. तेवढ्यात पाण्याचा पातळ पापुद्र्याइतकाच थर उरतो आणि तो भरताना बुडबुडे येतात. जड पाणी वापरलं की पाण्याचा हा पट्टा १२१० च्या आसपास सरकतो आणि ५० मायक्रॉनची फट चालते. दोन्ही परिस्थितींत खिडकी कॅल्शियम फ्लोराइडचीच, कारण ११०० च्या खालचं इथे कुणाला नको असतं.

आता अनेक प्रयोगशाळांत हा सेल कपाटात गेला आहे. हॅरिक आणि फारेनफोर्ट यांनी १९६० च्या सुमारास मांडलेल्या परावर्तनाच्या पद्धतीत थेंब स्फटिकावर ठेवला की काम होतं, फट भरायची नाही, बुडबुडे नाहीत. पदार्थ ओळखायला ते उत्तम. पण तिथेही हिऱ्याचा स्फटिक २७०० ते १८०० मध्ये स्वतःच शोषण करतो, झिंक सेलेनाइडला आम्ल चालत नाही आणि मार्गाची लांबी तरंगलांबीप्रमाणे बदलत राहते. विरल द्रावणातल्या कार्बोनिल संयुगाची अभिक्रियेबरोबर घटणारी रेषा मिनिटामिनिटाला मोजायची असेल, तर स्थिर फटीचा, कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्यांचा सेल कपाटातून काढावाच लागतो.