उमेदवाराचे विवरणपत्र आणि मतदार



निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवाराने आपले आयकर विवरणपत्र मतदारांपुढे ठेवावे काय, हा प्रश्न मी आज विचारार्थ घेतला आहे. ‘ते सारे शपथपत्रात असतेच की!’ असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, देणी व शिक्षण जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी ठरविले. संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही माहिती आखडती घेतली. ते कलम न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द केले. २०१९ सालच्या दुरुस्तीपासून नमुना २६ मध्ये उमेदवार, त्याचा जोडीदार आणि अवलंबित यांचे गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील एकूण उत्पन्न लिहावे लागते. उत्पन्नाची साधनेही सांगावी लागतात.

तथापि ‘एकूण उत्पन्न’ ही कायद्याची संज्ञा आहे आणि व्यवहारात आपण तिचा जो अर्थ घेतो, तो तिचा नव्हे. वजावटी जाऊन जो आकडा उरतो, तो हा. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असल्याने यात मिळविले जात नाही. कराचा दर ठरविताना तेवढे ते हिशेबात येते. म्हणून एखाद्याने पाचही वर्षे सहा-सहा लाख लिहिले आणि त्याच कागदावर घरे-जमिनी कोट्यवधींच्या निघाल्या, तरी लिहिलेले खोटेच असेल असे नाही. साधनांच्या रकान्यात ‘शेती व व्यापार’ एवढे लिहिले की भागते. पगार किती, भाडे किती, भांडवली नफा किती, करमुक्त किती, ही फोड विवरणपत्रात असते, आणि मतदारास हवी असते ती नेमकी हीच.

वजावटीत काय दडलेले असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७३ च्या डिसेंबरात आपली विवरणपत्रे प्रसिद्ध केली. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या काळातील कागदपत्रे राष्ट्रास दान दिल्याची मोठी वजावट त्यांनी घेतली होती. ती तपासणीत टिकली नाही, आणि सुमारे पावणेपाच लाख डॉलरांचा कर व व्याज देणे निघाले. पुढे विवरणपत्रे दाखविण्याचा तेथे प्रघात पडला. पण प्रघात म्हणजे कायदा नव्हे. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तो पाळला नाही. त्यांची सहा वर्षांची विवरणपत्रे प्रतिनिधिगृहाच्या समितीने २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केली, तोवर दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या! माहिती मतदानानंतर मिळाली, तर मतदाराने तिचे करायचे काय?

खासगीपणाचा आक्षेप मी हलका मानीत नाही. व्यापक लोकहित असल्याखेरीज विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती होय, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका शासकीय सेवकाच्या प्रकरणात म्हटले. उमेदवाराची गोष्ट निराळी आहे. सार्वजनिक विश्वास तो आपण होऊन मागतो. बँक खात्यांचे क्रमांक, निवासाचा पत्ता, भाडेकरूंची किंवा भागीदारांची नावे खुशाल झाकावीत. जोडीदाराबाबत मात्र मी आजच्या एकूण आकड्यापुढे जाणार नाही. पत्नी स्वतंत्र व्यवसाय करीत असेल, तर तिच्या अशिलांचा वा रुग्णांचा हिशेब चव्हाट्यावर आणण्यास तिने कोणाकडे मत मागितलेले नसते.