बेगमी की भीती?

२४ मार्च २०२०ची रात्र आपल्याला स्मरत असेल. आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि काही वेळातच किराणा दुकानांपुढे गर्दी उसळली. त्या गर्दीतील काहींच्या घरचे पीठ खरोखर संपले होते. काहींचे डबे मात्र भरलेले होते. गरज आणि भीती एकाच रांगेत उभ्या असताना त्यांना वेगळे कसे ओळखावे?

अभ्यासक यासाठी दोन मापे वापरतात. पहिले प्रश्नावलीचे. कोविडच्या भीतीसाठी २०२० मध्ये सात विधानांची एक मापनश्रेणी तयार झाली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. एकूण गुण ७ ते ३५. दुसरे माप विक्रीचे. साथीच्या आठवड्यातील खप आणि एरवीचा खप यांतील तफावत त्यातून कळते. परंतु एकट्या मापावर विसंबता येत नाही. आजाराची भीती वेगळी आणि ‘उद्या वस्तू मिळणार नाही’ ही भीती वेगळी. दुसरी भीती शेजाऱ्याची भरलेली पिशवी पाहूनही जडते, आणि सर्वांनी तीच धरली की टंचाई खरोखरच अवतरते.

तिची झळ कोणाला बसते, हे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हे औषध प्रतिबंधासाठी केवळ आरोग्यसेवक व बाधितांच्या घरातील संपर्कातील व्यक्तींना सुचवले होते. तरीही इतरांनी त्याचा साठा केला. ल्युपस आणि संधिवाताचे जे रुग्ण या गोळीवर वर्षानुवर्षे अवलंबून होते, त्यांनाच ती मिळेनाशी झाली. अखेर २६ मार्चला सरकारने विक्रीवर निर्बंध घातले: चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची स्वतंत्र नोंद. पुढे मोठ्या चाचण्यांत रुग्णालयातील कोविड रुग्णांना या औषधाचा लाभ दिसला नाही.

साठा करणे मुळात दोष नव्हे. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरणारी गृहिणी माणशी शेराचा हिशेब करून भरत असे. त्याला बेगमी म्हणतात. हिशेब सुटला की उरते ती भीती.

हे माप आपल्यालाही घरी लावता येईल. हाताशी असलेल्या साठ्याला रोजच्या वापराने भागा. रक्तदाबाची रोज एक गोळी आणि कपाटात ४५ गोळ्या, म्हणजे ४५ दिवसांची सोय. नियमित औषधे महिनाभराची आणि वर एक-दोन आठवड्यांची असावीत. ती संपेपर्यंत थांबू नये. याहून अधिक घ्यावेसे वाटले, तर स्वतःला विचारा: घरातील रुग्ण वाढले, डॉक्टरांनी मात्रा वाढवली, की केवळ बातमी ऐकली? उत्तर तिसरे असेल, तर ती पट्टी दुकानातच राहू द्या. तिची आज गरज असलेला कोणी कदाचित आपल्या मागेच रांगेत उभा असेल.