सौर विद्युत् संचातील दाबन्यूनता
सार्वजनिक विद्युत् वितरण जालाशी न जोडलेल्या सौर विद्युत् संचातील दाब नेहमीच्या मर्यादेखाली जाणे म्हणजे दाबन्यूनता होय. सौर घटांचे फलक, भारण नियंत्रक, संचायक विद्युत् घटमाला व त्यांना जोडणाऱ्या तारा हे अशा संचाचे मुख्य भाग होत. संच जुना झाला की दिवे मंद होणे, इन्व्हर्टर मध्येच बंद पडणे अशी लक्षणे दिसू लागतात. दोष घटमालेचा समजून हा खर्चिक भाग बहुधा बदलला जातो. परंतु मूळ कारण अन्यत्र असल्यास नवी घटमालाही अल्पावधीत निकामी होते. म्हणून दाबन्यूनता हे दोषाचे केवळ लक्षण मानून निदान क्रमाने करावे लागते.

कारणे : १२ व्होल्ट संचासाठी सामान्यतः ३६ सिलिकॉन घट एकसरीत जोडलेला फलक वापरतात. २५° से. तापमानास त्याचा खुल्या मंडलातील दाब सु. २१ व्होल्ट, तर महत्तम शक्ती देताना सु. १७ ते १८ व्होल्ट असतो. वयोमानाने फलकाची शक्ती मंद गतीने, दर वर्षी सु. अर्धा ते एक टक्का, घटते. अचानक आलेली घट बहुधा धूळ, सैल जोड वा वाढलेल्या झाडाची सावली यांमुळे असते. अशा फलकात साधारणतः प्रत्येकी १८ घटांना पर्यायी मार्ग देणारे दोन डायोड असतात. एकाच घटावर पूर्ण सावली पडली, तरी त्याच्या गटाचा दाब मिळत नाही; उरलेल्या अर्ध्या फलकाचा दाब घटमालेच्या दाबाहून कमी असल्याने भारण जवळजवळ थांबते.

शिसे-अम्ल घटमाला वारंवार अपुरी भारित राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात आणि धारणक्षमता घटते. तारांतील ऱ्हासही दुर्लक्षणीय नसतो. २.५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेने १० मी. अंतरावर १० अँपिअर प्रवाह नेल्यास जाण्यायेण्याच्या २० मी. लांबीत सु. १.४ व्होल्ट दाब खर्ची पडतो. गंजलेले जोड यात भर घालतात.

तपासणी : भारण व भार दोन्ही तोडून काही तास विश्रांती दिलेल्या घटमालेचा दाब प्रथम मोजतात. पूर्ण भारित घटमालेत तो सु. १२.७ व्होल्ट, निम्म्या भारणास सु. १२.२ व्होल्ट असतो. पूर्ण भारणानंतरही तो १०.५ व्होल्टांच्या आसपास राहिल्यास एक घट मृत झाल्याचा संभव असतो; प्रत्येक घटातील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजून तो ओळखता येतो. नंतर भार जोडून घटमालेच्या अग्रांपाशी व दिव्यापाशी दाब मोजतात. अग्रांपाशी दाब टिकून दिव्यापाशी उतरत असल्यास दोष तारांत वा जोडांत असतो. अग्रांपाशीच झपाट्याने उतरत असल्यास घटमालेत असतो.

शेवटी, स्वच्छ उन्हात फलक विलग करून त्याचा खुल्या मंडलातील दाब व मंडल संक्षेपित अवस्थेतील प्रवाह मोजतात. केवळ दाब पुरेसा नाही. क्षीण फलकही तो जवळजवळ पूर्ण दाखवू शकतो.

निवारण : फलक पुसणे, सावली दूर करणे, जोड घासून घट्ट करणे व जाड तारा घालणे हे उपाय प्रथम करावेत. उघड्या घटांत पातळी उतरल्यास ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, अम्ल नव्हे. भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निर्माण होत असल्याने जवळ ठिणगी पडू देऊ नये. जुन्या घटमालेच्या जोडीस नवी लावू नये. दैनिक वीजवापर फलकांच्या उत्पादनापेक्षा अधिक असेल, तर मात्र कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. अशा वेळी भार कमी करणे किंवा फलक वाढविणे हाच मार्ग उरतो.