तुलनेतही इन्साफ हवा

बास्केटबॉलचे कालचे दिग्गज आणि आजचे तारे

७ फेब्रुवारी २०२३. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात लेकर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर या दोन संघांचा सामना रंगात आला होता. लेब्रॉन जेम्सने टाकलेला चेंडू रिंगमधून आत गेला आणि खेळ थांबवण्यात आला. एनबीए, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुणांचा विक्रम आता त्याच्या नावावर झाला होता. ज्यांचा विक्रम मोडला ते करीम अब्दुल जब्बार मैदानालगतच बसले होते. वय वर्षे ७५. ते उठले आणि त्यांनी आपल्या हाताने चेंडू लेब्रॉनला दिला.

करीम यांनी हा मान ५ एप्रिल १९८४ रोजी विल्ट चेंबरलेन यांच्याकडून घेतला होता. लेब्रॉनचा जन्म त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरचा. म्हणजे त्याच्या जन्माआधीपासून, जवळजवळ ३९ वर्षे, हा विक्रम करीम यांच्याकडे होता. विक्रम मोडला आणि एक जुना वाद पुन्हा तापला. मोठा कोण? कालचे की आजचे?

असा वाद प्रत्येक खेळात असतो आणि आपल्या घरांतही तो नवा नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आमच्या वेळचे खेळाडू पाहायला हवे होते तुम्ही!’ मुले मोबाइलवरची चित्रफीत पुढे करून म्हणतात, ‘आजच्या वेगापुढे ते टिकलेच नसते.’ दोघेही आपापल्या आवडीची वकिली करत असतात. निवाडा करायला बसलेल्या माणसाला मात्र दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. आम्ही इथे तोच प्रयत्न करणार आहोत.

आकडे काय सांगतात?

करीम यांच्या नावावर ३८,३८७ गुण आहेत. त्यासाठी ते २० हंगाम आणि १,५६० सामने खेळले. लेब्रॉनने तो आकडा आपल्या १,४१० व्या सामन्यातच ओलांडला. पुढे २ मार्च २०२४ रोजी ४०,००० गुणांचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला. १५० सामने कमी आणि गुण जास्त! एवढ्यावर थांबलो तर निकाल सरळ दिसतो.

पण थोडे खोलात जाऊ. बास्केटबॉलमध्ये साध्या बास्केटला दोन गुण मिळतात आणि दूरच्या ठरावीक रेषेबाहेरून चेंडू टाकला तर तीन. ही रेषा एनबीएमध्ये १९७९-८० च्या हंगामात आली. तेव्हा करीम ३२ वर्षांचे होते आणि दहा हंगाम खेळून झाले होते. साऱ्या कारकिर्दीत त्यांनी रेषेबाहेरून फक्त १८ वेळा प्रयत्न केला आणि एकदाच यश मिळवले. लेब्रॉनने विक्रम मोडला तेव्हा त्याच्या खात्यात असे दोन हजारांहून अधिक बास्केट जमा होते. प्रत्येकाचा एक गुण वाढीव धरला, तरी दोन हजारांवर गुण या रेषेमुळेच आले.

वयाचाही हिशोब आहे. लेब्रॉन २००३ साली शाळेतून थेट एनबीएत आला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. करीम यांच्या काळी शाळा सुटल्यावर चार वर्षे व्यावसायिक लीगची दारे बंद असत. त्यामुळे त्यांना २२ व्या वर्षापर्यंत थांबावे लागले. विद्यापीठाच्या संघात पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य सामने खेळण्याचीही मुभा नव्हती. उरलेल्या तीन वर्षांत त्यांनी यूसीएलए विद्यापीठाला तिन्ही वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, पण ते गुण एनबीएच्या वहीत येत नाहीत.

मग लेब्रॉनचे श्रेय कमी झाले का? मुळीच नाही. तो केवळ गुण करणारा खेळाडू नाही. साथीदारांना अचूक पास देऊन बास्केट करून देण्यातही तो अव्वल आहे. वयाची चाळिशी ओलांडल्यावरही आपल्या निम्म्या वयाच्या मुलांसमोर तो मैदानात उतरला. आकडा खराच असतो. फक्त तो कोणत्या परिस्थितीत उभा राहिला, हे तो स्वतः सांगत नाही.

नियम बदलले, खेळ बदलला

१८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा फळांच्या टोपल्या दहा फूट उंचीवर टांगल्या होत्या. ती उंची आजही तेवढीच आहे. बाकी जवळपास सगळे बदलले.

१९५० साली एनबीएच्या एका सामन्यात फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसला १९-१८ असे हरवले. छापण्यात चूक झालेली नाही, दोन्ही संघांचे मिळून ३७ गुणच झाले! आघाडी घ्यायची आणि मग चेंडू नुसता फिरवत राहायचे, असा तेव्हाचा डाव असे. प्रेक्षक कंटाळू लागले. अखेर १९५४ साली नियम आला की २४ सेकंदांत रिंगकडे चेंडू टाकलाच पाहिजे. खेळाचा वेग एकदम वाढला.

या वेगाचा कळस म्हणजे विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या छोट्या गावात त्यांनी एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. त्या हंगामात त्यांची सरासरी सामन्याला ५०.४ गुणांची होती. सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि मैदानावरील त्यांच्या वेळेची सरासरी ४८.५ मिनिटे होती! जादा वेळेत गेलेल्या सामन्यांमुळे हा आकडा ४८ च्या वर गेला. ते जवळजवळ कधी बाहेर बसलेच नाहीत. आज विश्रांतीसाठी तारे सामने सोडतात, आणि मानाचे किताब हवे असतील तर किमान ६५ सामने खेळा, असा नियम लीगला २०२३-२४ पासून करावा लागला.

तरीही विल्ट यांच्या आकड्यांपुढे डोळे दिपू देऊ नयेत. तेव्हा लीगमध्ये फक्त नऊ संघ होते. एकेक संघ सामन्यात शंभराहून अधिक वेळा रिंगकडे चेंडू टाकत असे आणि त्यातले बरेच चुकत. आज हे प्रमाण ९० च्या आसपास आहे. जितके प्रयत्न जास्त, तितके गुणही जास्त आणि चुकलेला चेंडू झेलण्याच्या, म्हणजे रिबाउंडच्या संधीही जास्त.

उलट बिल रसेल यांच्यावर वहीनेच अन्याय केला आहे. बोस्टन सेल्टिक्सकडून खेळताना १३ हंगामांत त्यांनी ११ विजेतेपदे मिळवली. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेतच अडवणे, ज्याला ब्लॉक म्हणतात, ही त्यांची खरी ताकद. पण एनबीएने ब्लॉकची नोंद ठेवायला १९७३-७४ मध्ये सुरुवात केली आणि रसेल १९६९ सालीच निवृत्त झाले होते. म्हणून या खेळातल्या श्रेष्ठ बचावपटूच्या नावापुढे त्या रकान्यात काहीच नाही.

आजच्या पिढीचे कौशल्य पाहायचे असेल तर स्टीफन करीकडे पाहावे. २०१५-१६ च्या एका हंगामात त्याने तीन गुणांचे ४०२ बास्केट केले. ही रेषा आली त्या पहिल्या हंगामात एक संघ एका सामन्यात असे सरासरी तीन प्रयत्नही करत नव्हता. आज ३५ हून अधिक करतो. शिवाय स्पर्धा आता साऱ्या जगाशी आहे. ग्रीसचा यानिस, सर्बियाचा योकिच, कॅमेरूनमध्ये जन्मलेला एम्बीड, कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर: २०१९ ते २०२५ या काळात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब दरवर्षी अमेरिकेबाहेर जन्मलेल्या खेळाडूनेच नेला. रसेल यांच्या काळी अशी स्पर्धा नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

मैदानाबाहेरचा सामना

परंतु जुन्या खेळाडूंना एक सामना असा खेळावा लागला, ज्याचे गुण कोणत्याच फलकावर लागले नाहीत.

एनबीएमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना पहिल्यांदा १९५० साली प्रवेश मिळाला. पुढेही रंगभेद संपला नाही. १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे सेल्टिक्सचा संघ सामन्यासाठी गेला असता हॉटेलच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय खेळाडूंना खाणे नाकारण्यात आले. रसेल आणि त्यांचे सहकारी सामना न खेळताच परतले. देशाला विजेते हवे होते, पण त्यांना शेजारी बसवून जेवू घालायची तयारी नव्हती.

ऑस्कर रॉबर्टसन यांचेही असेच. १९६१-६२ च्या हंगामात गुण, रिबाउंड आणि पास या तिन्हींत त्यांची सरासरी दहाच्या वर होती. अशी कामगिरी पुन्हा व्हायला ५५ वर्षे लागली. पण त्यांचे मोठे काम न्यायालयात झाले. तेव्हा खेळाडू संघाशी जणू बांधलेला असे आणि करार संपला तरी मर्जीने दुसरीकडे जाता येत नसे. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष या नात्याने रॉबर्टसन यांनी १९७० साली दावा लावला. १९७६ साली तडजोड झाली आणि दारे उघडू लागली. चार वर्षे थांबण्याच्या नियमाविरुद्ध स्पेन्सर हेवूड लढले आणि १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. लेब्रॉन शाळेतून थेट लीगमध्ये आला आणि पुढे आपल्या मर्जीने संघ निवडू शकला, त्यामागे ही माणसे आहेत. आजच्या ताऱ्यांचे कोट्यवधींचे करार पाहताना ही आठवण ठेवावी.

करीम यांचे जन्मनाव फर्डिनांड लुईस अल्सिंडॉर. विद्यार्थी असतानाच त्यांनी इस्लाम स्वीकारला. कृष्णवर्णीयांवरील अन्यायाच्या निषेधार्थ १९६८ च्या ऑलिंपिक संघात जाण्यास त्यांनी नकार दिला. १९७१ साली मिलवॉकी बक्सला विजेतेपद मिळवून दिल्यावर त्यांनी आपले नवे नाव जाहीर केले. प्रसिद्धीच्या शिखरावर असताना जगाने ओळखलेले नाव बदलणे सोपे नव्हते. त्यांच्या विद्यापीठाच्या दिवसांत चेंडू वरून रिंगमध्ये दाबण्यावर, म्हणजे डंकवर, महाविद्यालयीन खेळात बंदी आली. त्यांनी तक्रार करत बसण्याऐवजी आपला ‘स्काय हुक’ घोटून घेतला. एका हाताने डोक्यावरून कमान करून टाकलेला हा चेंडू अडवणे क्वचितच कोणाला जमत असे. योगासनांनी त्यांनी शरीर राखले आणि ४२ व्या वर्षापर्यंत खेळत राहिले. पदरी सहा विजेतेपदे आणि सहा वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब!

रोजा ठेवून खेळणारा हकीम

नायजेरियातील लागोस येथे जन्मलेले हकीम ओलाजुवान यांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. १९८४ च्या निवडीत पहिले नाव त्यांचे होते. मायकल जॉर्डनचे तिसरे. १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन विजेतेपदे त्यांनी ह्यूस्टनला मिळवून दिली. रमजानमध्ये सामने असत तेव्हाही ते रोजा ठेवत. घामाघूम होऊन धावायचे आणि मगरिबपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. १९९५ साली रमजान फेब्रुवारीत आला आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांचीच निवड झाली. ही गोष्ट कोणत्या रकान्यात मोजायची?

आपला मोठेपणा त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. निवृत्तीनंतर कोबी ब्रायंट त्यांच्याकडे शिकायला गेला. २०११ च्या उन्हाळ्यात लेब्रॉनही गेला. तेव्हा त्याच्या नावावर एकही विजेतेपद नव्हते. रिंगजवळ पाठ करून उभे राहणे, पाय कसे फिरवणे, हुलकावणी कशी देणे, हे त्याने हकीम यांच्याकडून शिकून घेतले. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, त्याने पहिले विजेतेपद पटकावले.

चाहते एकमेकांशी भांडतात, पण खेळाडूंचे आपसातील नाते हे असे आहे. २०२२ साली रसेल यांचे निधन झाल्यावर लीगने त्यांचा ६ क्रमांक कायमचा राखून ठेवला. लेब्रॉन तेव्हा तोच क्रमांक घालत होता आणि नियमाने त्याला तो पुढेही घालता आला असता. पण रसेल यांच्या आदरापोटी त्याने तो स्वतःहून सोडला. आज वर्षातील सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा चषक हकीम यांच्या नावाचा आहे आणि अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब रसेल यांच्या नावाचा.

मुलांशी बोलताना

तेव्हा वाचकहो, घरात हा वाद निघाला तर तो बंद पाडू नका, त्याला वळण द्या. बास्केटबॉल असो की क्रिकेट, मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. या खेळाडूच्या हाती कोणती साधने आणि कोणते नियम होते? समोर कोण उभे होते? आणि आपल्यामागून येणाऱ्यांसाठी त्याने काय सोडले?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना मुलांना थोडा इतिहास कळेल, थोडे गणितही होईल. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र आपण मोठ्यांनीही जरा थांबावे. ‘आमच्या वेळी’ म्हणून नव्या पिढीला कमी लेखणे सोपे असते आणि जुन्यांना मोडीत काढणे त्याहून सोपे. एकाची स्तुती करण्यासाठी दुसऱ्याला लहान करावे लागते, ही समजूत घरातून गेली तर भावंडांची, सुनांची, शेजाऱ्यांच्या मुलांची तुलनाही आपोआप कमी होईल. खेळाच्या वादातून एवढे हाती लागले तरी पुष्कळ झाले.