मॉन्स्टर ट्रकचा गिअर वारंवार का जातो? कुठं ग्रीस, कुठं कोरडं आणि कोणता भाग ढिला ठेवायचा

रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक मैदानात उड्या मारताना अचानक थांबतो. मोटर जोरात ओरडते, पण चाकं जागची हलत नाहीत. उलटा करून बघितलं तर मोटरजवळच्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते साफ खरवडलेले असतात. मग सुट्टीत हौसेनं घेतलेला ट्रक कपाटावर जातो, सुटा भाग ऑनलाइन मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत मुलाची भुणभुण सुरू राहते.

यावर बहुतेक जण दोन उपाय करतात. प्लॅस्टिक काढून स्टीलचे गिअर बसवतात आणि वर भरपूर ग्रीस थापतात. दोन्ही करताना हेतू चांगलाच असतो, पण अनेकदा पुढचं नुकसान त्यातूनच होतं. ट्रान्समिशन टिकतं ते सगळं मजबूत आणि सगळं तेलकट केल्यामुळे नव्हे. कुठं मजबुती हवी, कुठं घसरण हवी आणि कुठं अजिबात वंगण नको, हे ठरलेलं असतं. ते कळलं तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

ताकद चाकापर्यंत कशी पोचते?

उदाहरणासाठी ट्रॅक्सस कंपनीचा स्टॅम्पीड हा दोन चाकांना ताकद देणारा ट्रक घेऊ. भारतातले हौशी लोक ज्या ट्रकवर हात बसवतात त्यातला हा एक. मोटरच्या दांड्यावर लहान गिअर असतो, तो पिनियन. त्याला लागून मोठा गिअर असतो, तो स्पर. स्परच्या मधोमध स्लिपर क्लच असतो. तिथून ताकद बंद गिअरबॉक्समध्ये शिरते, आतल्या गिअरवरून डिफरेन्शियलकडे जाते आणि शेवटी ड्राइव्हशाफ्टमधून चाकाला मिळते.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. पिनियन आणि स्पर गिअरबॉक्सच्या बाहेर असतात, त्यांच्यावर फार तर एक झाकण असतं. बाकीचे गिअर बंद पेटीत असतात. वंगणाचे सगळे नियम या एका फरकावरून ठरतात.

पिनियन बदलण्याआधी हिशेब

या ट्रकच्या गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण २.७२ आहे. स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले २.७२, एवढंच गणित. ८६ दात्यांचा स्पर आणि २३ दात्यांचा पिनियन धरला तर उत्तर येतं १०.१७. म्हणजे चाक एकदा फिरायला मोटर साधारण दहा वेळा फिरते. पिनियन १९ दात्यांचा लावला तर हेच उत्तर १२.३१ होतं. वेग कमी होतो, पण ओढ वाढते आणि मोटरवरचा भार हलका होतो.

वेग वाढवायचा म्हणून मोठा पिनियन लावण्याची घाई सगळ्यांना असते. त्याच वेळी दिसायला भारी म्हणून मोठे टायरही चढवले जातात. १४० मिलिमीटर व्यासाच्या टायरऐवजी १५५ चा लावला तर गिअरिंग आपोआप सुमारे ११ टक्के जड होतं. पिनियन न बदलताच मोटरवर जास्तीचा भार येतो. म्हणून टायर मोठा केला तर पिनियन लहान करायचा.

बॅटरीचंही तसंच. दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो काढून तीन सेलची ११.१ व्होल्टची लावली की मोटरचे फेरे दीडपट होतात. वरच्या उदाहरणात पूर्वीइतकाच वेग ठेवायचा तर २३ च्या जागी १५ दात्यांचा पिनियन लागेल. त्याआधी मोटर आणि तिचा वेगनियंत्रक तीन सेल झेपणारे आहेत का, हे त्यांच्या माहितीपत्रकात पाहावं. पाच मिनिटं चालवून मोटरला बोट लावलं आणि दोन-तीन सेकंदही ठेवता आलं नाही, तर गिअरिंग जड आहे असं समजा.

नवा पिनियन मागवताना दात्यांची पिच तपासा. ४८ पिचचे दाते बारीक असतात, ३२ पिचचे जाड. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीनं बसवले तर पहिल्याच फेरीत दाते जातात.

कागदाच्या पट्टीएवढी फट

गिअर जाण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे पिनियन आणि स्परमधली चुकीची फट. फार घट्ट असेल तर मोटर तापते आणि कर्कश आवाज येतो. फार सैल असेल तर दात्यांची फक्त टोकं लागतात आणि तीच तुटतात.

उपाय वहीच्या कागदाचा आहे. कागदाची पातळ पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये घालायची, मोटर स्परकडे दाबून तिचे स्क्रू आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांच्या घड्या दिसाव्यात, पण ती फाटलेली नसावी. मग स्पर पूर्ण फिरवून चार ठिकाणी फट तपासावी, कारण प्लॅस्टिकचा स्पर किंचित वाकडा असू शकतो.

मोटरच्या धातूत जाणारे स्क्रू आणि पिनियनचा बारीक स्क्रू यांना निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब पुरतो. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र ते लावू नका. काही प्लॅस्टिकला त्यानं चिरा पडतात.

स्लिपर : मुद्दाम ठेवलेला ढिला दुवा

घरात फ्यूज असतो तसा ट्रकमध्ये स्लिपर असतो. ट्रक उडी मारून खाली येतो तेव्हा हवेत गरगर फिरणारी चाकं जमिनीला टेकताच एकदम अडतात. तो झटका उलटा गिअरवर येतो. स्लिपर त्या क्षणी थोडासा घसरतो आणि झटका गिळतो. तो पूर्ण आवळून टाकला तर झटका सरळ दात्यांवर जातो.

या ट्रकच्या प्रकारात साधारण पद्धत अशी : नट हलक्या हातानं शेवटपर्यंत आवळायचा आणि मग अर्धा ते एक फेरा सैल करायचा. नंतर ट्रक मातीवर ठेवून एकदम थ्रॉटल द्यायचा. सुरुवातीच्या एक-दोन फुटांत ‘झीं’ असा बारीक आवाज आला पाहिजे. आवाज येतच राहिला तर नट थोडा आवळा, कारण सतत घसरणारा स्लिपर इतका तापतो की प्लॅस्टिकचा स्पर मऊ पडून वितळू शकतो. आवाज अजिबात आला नाही तर थोडा सैल करा.

स्लिपरच्या चकत्यांना तेल किंवा ग्रीस कधीही लागू देऊ नका. सायकलच्या ब्रेकच्या रबराला तेल लावण्यासारखंच ते आहे.

आणखी एक सवय मुलांना लावावी. ट्रक हवेत असताना थ्रॉटल सोडायचा. याला पैसे लागत नाहीत आणि गिअर सगळ्यात जास्त यानंच वाचतात.

स्टीलचे गिअर घ्यावेत का?

बंद पेटीतले गिअर स्टीलचे करणं ब्रशलेस मोटर आणि तीन सेल वापरणाऱ्यांना उपयोगी पडतं. पण गिअर तुटायचा थांबला म्हणजे झटका नाहीसा झाला असं नाही. तो पुढे जातो आणि ड्राइव्हशाफ्ट पिळवटतो, नाहीतर डिफरेन्शियल फोडतो. बाहेरचा स्पर प्लॅस्टिकचा असतो तो याचसाठी. पेटी न उघडता तो थोडक्या पैशांत आणि थोडक्या वेळात बदलता येतो. तुटायचंच असेल तर स्वस्त भाग तुटावा, हा त्यामागचा व्यवहार. म्हणून स्पर प्लॅस्टिकचा ठेवून आधी बेअरिंग बदलावेत. काही ट्रकमध्ये बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकचे किंवा पितळी बुश असतात. ते झिजले की दांडा डगमगतो आणि फट कितीही नीट लावली तरी बिघडते. त्याच मापाचे छर्रेवाले बेअरिंग बसवणं हा कमी खर्चात सगळ्यात फायद्याचा बदल.

कुठं काय लावायचं?

• बाहेरचा पिनियन आणि स्पर : काहीही नाही. कोरडेच ठेवा. ग्रीस लावलं की बेळगाव-खानापूरची तांबडी माती असो, इंदूरची काळी असो की ग्वाल्हेरची धूळ, ती चिकटते आणि ग्रीसचा पॉलिश पेपर होतो. मऊ ब्रशनं झटकणं पुरे.

• बंद पेटीत, स्टीलवर स्टील : मोलिब्डेनमयुक्त काळं ग्रीस किंवा चांगलं लिथियम ग्रीस. सिलिकॉन ग्रीस इथं फारसं कामाचं नाही, कारण घासणाऱ्या स्टीलला ते पुरेसं जपत नाही.

• बंद पेटीत, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक : प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस, उदाहरणार्थ सिलिकॉनचं. दात्यांवर पातळ थर द्या. पेटी गच्च भरली तर गिअर ग्रीस ढवळत बसतात आणि बॅटरी लवकर उतरते.

• बेअरिंग : धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब.

• डब्ल्यूडी-४० : हे टिकणारं वंगण नाही. त्याच्या नावातच पाणी हटवण्याचा उल्लेख आहे. पेटीत फवारलं तर असलेलं ग्रीस धुऊन निघतं.

सफाईसाठी पेट्रोल नको. आगीचा धोका आहे, आणि काही प्लॅस्टिक त्यानं खराबही होतं. भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्यात काम होतं.

डिफरेन्शियलमधलं तेल

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरावं लागतं. ती मोकळीक डिफरेन्शियल देतं. पण एक चाक उचललं गेलं की सगळी ताकद त्या रिकाम्या चाकाकडे पळते आणि ट्रक जागेवरच राहतो. घट्ट तेल ही पळापळ रोखतं.

सिलिकॉन तेलाच्या बाटलीवर १०,०००, ३०,०००, ५०,००० असे आकडे असतात. आकडा मोठा तितकं तेल घट्ट. ३०,००० चं तेल मधापेक्षाही जाड असतं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रकमध्ये मधलं डिफरेन्शियल असेल तर त्यात सहसा सगळ्यात घट्ट तेल घालतात. नाहीतर पुढची चाकं उचलली की ताकद पुढेच वाया जाते. मागचं त्यामानानं पातळ ठेवतात, म्हणजे वळताना मागची बाजू एकदम घसरत नाही.

तेल भरण्याआधी डिफरेन्शियलला सील आणि गॅस्केट आहे का ते पाहा. नसेल तर तेल झिरपून बाहेर येणार. तिथं घट्ट ग्रीसच बरं.

पाऊस आणि समुद्रकाठ

ट्रक ‘वॉटरप्रूफ’ असला तरी तो शब्द बहुधा इलेक्ट्रॉनिक भागांपुरता असतो. बेअरिंगना पाणी चढतंच. चिखलात चालवल्यावर त्याच दिवशी बाहेरचे बेअरिंग वाळवून तेल द्या, पेटीत पाणी गेल्याची शंका आली तर ती उघडा. गोव्यात किनाऱ्यावर चालवणाऱ्यांनी आधी साध्या पाण्यानं मीठ आणि वाळू काढावी. मीठ राहिलं तर काही दिवसांत छर्रे गंजतात.

आधी काय करायचं?

पैसे खर्च करण्याआधी क्रम असा ठेवा : कागदाच्या पट्टीनं फट, मग स्लिपर, मग बाहेरच्या गिअरवरचं ग्रीस पुसणं. या तिन्हीला एक पैसा लागत नाही. त्यानंतर बेअरिंग, त्यानंतर गरजेप्रमाणे पिनियन. स्टीलचे गिअर यादीत शेवटी. एवढं करूनही दाते गेले, तर नवा स्पर बसवण्याआधी जुना नीट बघा. फक्त टोकं गेली असतील तर फट सैल होती. एकाच जागचे दाते उडाले असतील तर झटका बसला किंवा खडा अडकला. मधला भाग वितळला असेल तर स्लिपर ढिला होता. कारण दुरुस्त न करता नवा स्पर बसवला, तर तोही त्याच वाटेनं जाईल.