रुग्णांनी विचारलेला प्रश्न

1931 साली ब्रिटनमधल्या एका डॉक्टरांनी 42 वर्षांच्या एका स्त्रीच्या मृत्यूची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. शवविच्छेदनात तिच्या हृदयाची धमनी चिरलेली आढळली होती. त्यानंतर कित्येक दशकं हा आजार पाठ्यपुस्तकात ‘अतिदुर्मीळ’ या शिक्क्यानिशी पडून राहिला. बहुतेक केसेस मृत्यूनंतरच उघडकीला येत. जगलेल्यांचं पुढे काय होतं, हे विचारायला फारसं कोणी नव्हतं.

या आजाराचं नाव ‘स्पॉन्टेनियस करोनरी आर्टरी डिसेक्शन’, थोडक्यात ‘स्कॅड’. नेहमीच्या हार्ट अटॅकमागे बहुधा वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर असतो. तो फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. इथे तसं काहीच नसतं. धमनीच्या भिंतीला थर असतात. कधी आतलं अस्तर चिरतं, कधी भिंतीतच रक्तस्राव होतो, आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा फुगावा तसा आतला थर फुगून रक्ताची वाट अडवतो. रुग्णांपैकी सुमारे 90 टक्के स्त्रिया, त्याही बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीतल्या. मधुमेह नाही, सिगारेट नाही, वजन आटोक्यात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत येणाऱ्या हार्ट अटॅकचं हे एक प्रमुख कारण आहे.

अशी स्त्री छातीत कळ येते म्हणून इस्पितळात गेली, की ‘अ‍ॅसिडिटी असेल’, ‘टेन्शन घेतलंय’ असं ऐकून घरी परतण्याची शक्यता मोठी. निदान झालंच तर डिस्चार्जच्या वेळी हातात पडणारा सल्ला साठीतल्या पुरुषाच्या मापाचा: कोलेस्टेरॉल उतरवा, वजन कमी करा, सिगारेट सोडा. जी कधी सिगारेट ओढलीच नाही ती सोडायची कशी? तान्हं मूल उचलायचं की नाही, पुन्हा दिवस राहिले तर काय, हे दुखणं परत येईल का, या तिच्या खऱ्या प्रश्नांना डॉक्टरांकडेही उत्तर नसे. त्यात त्यांचा हलगर्जीपणा होता असं नाही. अनेक हृदयरोगतज्ज्ञांनी असा रुग्ण आयुष्यात एखादाच पाहिलेला असे.

अमेरिकेत चाळिशीतच हार्ट अटॅक आलेल्या तीन स्त्रियांनी 1999 साली ‘विमेनहार्ट’ ही संस्था काढली होती. तिच्या आधाराने स्कॅडच्या रुग्ण एकमेकींना सापडत गेल्या. दोघी, मग दहा, मग कितीतरी. कहाण्या जुळवून पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की एकेकटीला ‘लाखात एक’ म्हणून सांगितलेला आजार तितका विरळा नसावा. 2009 साली मेयो क्लिनिकमध्ये विमेनहार्टचं शिबिर भरलं होतं. तिथे त्यांनी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शॅरॉन हेज यांना गाठलं आणि थेट विचारलं: यावर संशोधन का होत नाही?

हेज यांनी तो प्रश्न उचलून धरला. 12 रुग्णांचा छोटा प्राथमिक अभ्यास ठरला. मार्च 2010 मध्ये नैतिक समितीची परवानगी मिळाली आणि एका आठवड्यात बाराही जागा भरल्या. दुर्मीळ आजारासाठी रुग्ण जमवता जमवता संशोधकांची वर्षं जातात. इथे रुग्णच आपल्या अँजिओग्राफीच्या सीडी आणि फाइली घेऊन तयार होते. त्या अभ्यासातून उभ्या राहिलेल्या नोंदवहीत पुढे हजारावर रुग्ण जमले.

तिथून आणि कॅनडा, ब्रिटनमधल्या अभ्यासांतून जे हाती आलं त्याने उपचारच बदलले. अनेकांची चिरलेली धमनी काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप भरून येते. उलट स्टेंट घालायला तार आत सरकवली, तर चीर वाढण्याची भीती असते. म्हणून रक्तप्रवाह चालू असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर धमनीला हात न लावता देखरेखीखाली ठेवणं बहुधा श्रेयस्कर ठरतं. अनेक रुग्णांच्या मानेच्या किंवा मूत्रपिंडाच्या धमन्यांतही दोष आढळतात, हेही याच अभ्यासांतून ठसलं.

रुग्णांच्या सोबतीची ही परंपरा तशी जुनी आहे. 1951 साली बॉस्टनमध्ये हृदयशस्त्रक्रियेचे एक प्रवर्तक डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या चार रुग्णांनी ‘मेंडेड हार्ट्‌स’ची सुरुवात केली. हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे मरणाशी गाठ, असं वाटण्याचा तो काळ. त्यातून बरे झालेले रुग्ण पलंगाशेजारी येऊन बसत. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्याला चालताबोलता पुरावाच समोर दिसे. आपल्याकडे ओपीडीबाहेरच्या बाकावर ‘तुमचं बायपास की स्टेंट?’ असं विचारून सुरू होणाऱ्या गप्पांतही हीच ओढ असते, आणि ती क्षुल्लक मानू नये.

मात्र सोबतीकडून नको त्या चमत्काराची अपेक्षा धरणंही बरं नाही. अमेरिकेतल्या ‘एनरिच्ड’ या अभ्यासात हार्ट अटॅकनंतर खचलेल्या किंवा एकाकी असलेल्या 2,481 जणांना घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांना तज्ज्ञांकडून समुपदेशन मिळालं. 2003 साली निष्कर्ष आले: मन सावरलं, आधार वाढला, पण मृत्यूचं किंवा दुसऱ्या अटॅकचं प्रमाण घटलं नाही. मन सावरणं हेही मोलाचंच, पण ते गोळ्यांची जागा घेत नाही. शेजारच्या रुग्णाने रक्त पातळ करणारी गोळी सोडली म्हणून आपणही सोडणं तर जिवावर बेतू शकतं.

सोबत आणि उपचार एकत्र येतात ते हृदय पुनर्वसनात. देखरेखीखाली व्यायाम, आहार, मनाची विचारपूस, आणि शेजारच्या ट्रेडमिलवर आपल्यासारखाच कोणीतरी. करोनरी हृदयविकाराच्या रुग्णांत व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे. तरीही फार थोडे रुग्ण तिथवर पोहोचतात आणि स्त्रियांना तिकडे पाठवलंही कमी जातं. स्कॅडच्या रुग्णांना तर पूर्वी व्यायामाची धास्तीच घातली जाई; मेयोच्या नोंदवहीतल्या ज्यांनी पुनर्वसन घेतलं, त्यांतल्या बहुतेकांनी शरीर आणि मन दोन्हींना फायदा झाल्याचं सांगितलं.

धमनी नेमकी का चिरते, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. काही जनुकीय धागे सापडले आहेत, संप्रेरकांवर संशय आहे. पुन्हा कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. त्यासाठी रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो, आणि नोंदवहीतल्या स्त्रिया आजही त्याच्या प्रश्नावल्या भरून पाठवत आहेत.